कोळशाची वीज आणि रात्रीचे पाणी



रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात थोडा वेळ थांबावे आणि लोकांच्या गप्पा ऐकाव्यात, हा आमचा नित्याचा परिपाठ. पाऊस, उसाचा दर, तंबाखूचा भाव, मुलांच्या परीक्षा असे विषय असतात. गेल्या हंगामात मात्र एका रविवारी सगळे गप्पच होते. आमचा एक तरुण शेतकरी इस्पितळात होता. रात्री दीड वाजता मोटर सुरू करायला गेला, परत येताना बांधावर घोणस चावली. देवाच्या दयेने तो वाचला. पण त्याच्या चुलत्याने आम्हाला जे विचारले ते अजून कानांत आहे. "फादर, लाईट रातीची एकला येतीया आन् पाचला जातीया. ऊस वाळू द्यायचा का जीव धोक्यात घालायचा, तुमीच सांगा."

आमच्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. नंतर आम्ही या विषयाची माहिती गोळा केली, जाणत्यांना विचारले. जे समजले ते आणि त्यावरचे आमचे मत आज मांडीत आहोत. सर्वांना ते पटेलच असे नाही. पण शेताला वीज रात्रीच का मिळते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

वीज येते कोठून?

आपल्या बांधावरच्या डीपीपर्यंत वीज पोहोचते ती हुबळीच्या वीज वितरण कंपनीकडून, म्हणजे हेस्कॉमकडून. हुक्केरी तालुक्यात ती तेथील सहकारी संघाकडून येते. परंतु या संस्था वीज तयार करीत नाहीत. त्या विकत घेतात आणि वाटतात. वीज तयार होते ती दूरवर.

कर्नाटकात दगडी कोळसा नाही. म्हणून पूर्वी सगळा भार पाण्यावर होता. म्हैसूर संस्थानाने १९०२ साली शिवनसमुद्र येथे कावेरीच्या पाण्यावर वीज काढून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवली. १९४८ साली जोग येथे आणि पुढे साठीच्या दशकात शरावती नदीवर मोठी वीजघरे झाली. आपला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यानंतर आपणही त्याच पाण्याच्या विजेवर अवलंबून राहिलो. पाणी स्वस्त होते, धूर नव्हता. पण पाऊस रुसला की धरणे आटत आणि गिरण्या, दवाखाने, पिठाच्या चक्क्या सगळेच अंधारात जात. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील.

त्यावर उपाय म्हणून रायचूरजवळ शक्तिनगर येथे कृष्णेच्या काठी कोळशावरचे पहिले मोठे केंद्र उभे राहिले. त्याचा पहिला संच १९८५ साली सुरू झाला. २०१० पर्यंत तेथे आठ संच होऊन एकूण क्षमता १,७२० मेगावॉट झाली. पुढे बळ्ळारीजवळ कुडतिनी येथे १,७०० मेगावॉटचे आणि रायचूरजवळच यरमरस येथे १,६०० मेगावॉटचे केंद्र झाले. आपल्याला सर्वांत जवळचे आणि या सर्वांत मोठे केंद्र म्हणजे विजापूर जिल्ह्यातील कुडगी. ते केंद्र सरकारच्या राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे, म्हणजे एनटीपीसीचे आहे. प्रत्येकी ८०० मेगावॉटचे तीन संच मिळून २,४०० मेगावॉट. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत हे तिन्ही संच रीतसर कामाला लागले. निपाणीहून सरळ रेषेत पूर्वेकडे ते दीडशे किलोमीटरच्या आसपास भरेल. त्याच्या विजेत कर्नाटकाबरोबर दक्षिणेतील इतर राज्यांचाही वाटा आहे.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी. वीज ही गोणीत भरून एका गावाहून दुसऱ्या गावाला नेता येत नाही. सगळी वीजघरे एकाच जाळ्याला जोडलेली असतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही मोठी वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. पुढे कुडगीजवळच्या उपकेंद्रापासून कोल्हापूरपर्यंतही मोठी वाहिनी आली. तेव्हा आपल्या मोटरीत येणारी वीज नेमकी कोठली, हे कोणीच सांगू शकत नाही. विहिरीत चार झरे असावेत आणि बादलीतले पाणी कोणत्या झऱ्याचे हे विचारावे, तसा तो प्रकार आहे. एवढे मात्र खरे की रात्री सूर्य नसतो, उन्हाळ्यात धरणे खाली जातात. अशा वेळी जाळ्याचा मुख्य भार कोळशाच्या झऱ्यावरच पडतो.

कुडगीत काय चालते?

काम दिसायला अवघड, समजायला सोपे आहे. दगडी कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात आणि बॉयलरमध्ये फुंकून जाळतात. त्या उष्णतेने नळ्यांतील पाण्याची प्रचंड दाबाची वाफ होते. ती वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, टर्बाइन फिरते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज काढते. मग वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात आणि ते पाणी बॉयलरमध्ये परत जाते. शंभर भाग उष्णतेतून चाळीस भागांचीसुद्धा वीज होत नाही. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि थंड करण्याच्या मनोऱ्यांतून हवेत जाते.

आपल्या देशी कोळशात राख फार, शंभर किलोत तीस ते चाळीस किलो. त्यामुळे एक युनिट विजेला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो. आता आपण हिशेब करू. कुडगीचे तिन्ही संच दिवसभर पूर्ण ताकदीने चालले, तर पाच कोटी शहात्तर लाख युनिट वीज निघेल. त्याला सदतीस हजार टन कोळसा हवा, म्हणजे मालगाडीच्या नऊ-दहा गाड्या, रोज. हा कोळसा झारखंडसारख्या दूरच्या प्रांतांतून येतो. त्यातून दिवसाला बारा हजार टनांच्या आसपास राख निघेल.

आपल्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीचाही हिशेब करा. सात तास चालली तर तीस-पस्तीस युनिट जातात. ती सगळी कोळशाची धरली, तर वीस-बावीस किलो कोळसा जळाला आणि सात-आठ किलो राख कोणाच्या तरी गावात पडली. आपण बटण दाबतो तेव्हा हे डोळ्यांसमोर नसते.

पाण्याचेही तसेच. नव्या केंद्रांना युनिटमागे तीन लिटरच्या आसपास पाण्याची मर्यादा आहे. त्या हिशेबाने पूर्ण ताकदीच्या दिवशी सतरा कोटी लिटर पाणी लागेल. ते अलमट्टीच्या जलाशयातून येते. अलमट्टीत पाणी कोणते? आपलेच. आपली वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला आणि कृष्णा अलमट्टीला जाते. निपाणीच्या पुलाखालून गेलेले पाणी कुडगीच्या बॉयलरमध्ये वाफ होते आणि तारेतून वीज होऊन आपल्याकडे परत येते. म्हणून कुडगीशी आमचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये.

रात्रीची वीज शेतकऱ्यालाच का?

आता त्या चुलत्याच्या प्रश्नाकडे येऊ.

कोळशाचा बॉयलर हा चुलीसारखा नाही, की हवा तेव्हा पेटवला आणि हवा तेव्हा विझवला. थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण ताकदीला आणायला कित्येक तास जातात, तेल जळते, नळ्यांना तडे जाण्याचे भय असते. म्हणून तो रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो आणि फार खालीही आणता येत नाही. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, दुकाने झगमगतात, तेव्हा विजेची ओढ सर्वांत जास्त असते. रात्री अकरानंतर गाव झोपते, दुकाने आणि बरेच कारखाने बंद होतात. पण बॉयलर जागाच असतो. मग ही वीज द्यायची कोणाला? जो नाही म्हणू शकत नाही त्याला. अशा रीतीने शेतकऱ्याच्या मोटरी रात्रीच्या पाळीला लागल्या. जाळ्याचा तोल राखण्यासाठी शेतकऱ्याने रात्री जागावे, हा व्यवहार पुस्तकात सोयीचा दिसतो. बांधावर तो जिवावर बेततो.

एक काळ असा होता की या व्यवस्थेला पर्याय नव्हता, हे आम्ही मान्य करतो. आज तसे राहिलेले नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत कर्नाटकात उन्हाची आणि वाऱ्याची वीज फार वाढली आहे. तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे एकाच ठिकाणी दोन हजार मेगावॉटहून मोठे सौर केंद्र आहे. भर दुपारी उन्हाची वीज एवढी येते की कोळशाच्या संचांनाच आपली आच कमी करावी लागते. केंद्र सरकारने २०२३ साली नियम केला की उन्हाच्या तासांत विजेचा दर दहा ते वीस टक्के कमी असावा, म्हणजे लोक दिवसा वीज वापरतील. हा नियम शेती सोडून इतर ग्राहकांसाठी आहे. कारखानदाराला दुपारी स्वस्त विजेचे आमंत्रण आणि शेतकऱ्याला रात्री एकचा गजर, हे कसले गणित?

ज्या कारणासाठी रात्रीची वीज शेतीला आली ते कारण बरेचसे संपले, पण सवय राहिली. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये काय झाले ते आठवा. त्या वर्षी पावसाने दगा दिला, धरणे भरली नाहीत आणि मोटरींची ओढ अवेळी वाढली. सात तासांची वीज पाच तासांवर आली. तेव्हा विजापूर जिल्ह्यातील रोणिहाळच्या शेतकऱ्यांनी शेतात सापडलेली एक मगर बांधून थेट वीज उपकेंद्रावर आणली. रात्री पाणी पाजायला गेल्यावर आम्हाला काय भेटते ते तुम्हीही पाहा, असे त्यांचे म्हणणे होते. लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. ज्या जिल्ह्यात २,४०० मेगावॉटचे केंद्र आहे, त्याच जिल्ह्यातील शेतकरी रात्री मगरीच्या वाटेने मोटरीकडे जातो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सीमेपलीकडेही तेच दुःख आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत दिवसा दहा तास वीज मिळावी म्हणून राजू शेट्टी यांच्या संघटनेचे शेतकरी कोल्हापुरात वीज कंपनीच्या दारात धरणे धरून बसले होते. म्हणजे भाषा कोणतीही असो, सरकार कोणतेही असो, रात्र सारखीच आहे.

किंमत कोण मोजतो?

कोळशाच्या विजेला शिव्या देणे सोपे आहे. तसे करण्याचा आमचा विचार नाही. मुलगा रात्री दिव्याखाली अभ्यास करतो, बाळंतिणीचे ऑपरेशन मध्यरात्री होते, दुधाचे टँक थंड राहतात, त्यामागे कोठेतरी कोणीतरी बॉयलरपाशी उभा आहे. त्याचे उपकार विसरू नयेत. २०२५ च्या उन्हाळ्यात कर्नाटकाची विजेची मागणी १८,००० मेगावॉटच्या पुढे गेली. उद्या सकाळी सगळे कोळशाचे संच बंद करा म्हणणाऱ्याने संध्याकाळी सात वाजता काय करायचे, तेही सांगावे.

पण ही वीज ज्यांच्या जमिनीवर तयार होते त्यांचे काय? कुडगी आणि आसपासच्या गावांची शेतजमीन या केंद्रासाठी गेली. जमीन, पाणी आणि राख यांच्या काळजीने तेथील शेतकरी रस्त्यावर उतरले. जुलै २०१४ मध्ये त्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी जखमी झाले. तेही आपल्यासारखेच ज्वारी-तुरीचे शेतकरी. पावगडला निदान जमीन विकत न घेता भाड्याने घेतली, एकरी वर्षाला २१,००० रुपयांनी सुरुवात करून, आणि मालकी शेतकऱ्याकडे राहिली. कोळशाच्या केंद्राला गेलेली जमीन परत येत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने पाहा. कोळसा जळला की बारीक धूळ, गंधकाचा वायू आणि पाऱ्याचा अंश हवेत जातो. सर्वांत घातक ती बारीक धूळ. केसाच्या जाडीच्या कितीतरी पट लहान असल्यामुळे ती नाकात न अडता फुप्फुसाच्या तळाशी जाते, तेथून रक्तात उतरते. दमा, खोकला एवढ्यावर ते थांबत नाही. हृदयविकार आणि पक्षाघातही त्यातून येतात. धुराड्याला धूळ पकडणारी विजेची यंत्रे असतात आणि ती नीट चालवली तर बरीचशी राख अडते. गंधकाचा वायू अडवण्यासाठी निराळे यंत्र लागते. ते सर्व केंद्रांनी बसवावे असा रोख २०१५ च्या नियमांचा होता. मुदती पुढे पुढे गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. खर्च वाचला म्हणतात. तो खर्च वाचत नसतो. तो धुराच्या वाऱ्याखाली राहणाऱ्यांच्या दवाखान्याच्या बिलात जातो.

राखेचा चांगला उपयोग होतो हेही सांगितले पाहिजे. सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये ती मिसळतात. सगळीच्या सगळी राख अशी कामी लावावी असा सरकारचा नियम आहे. मातीची वीट म्हणजे शेताची वरची सुपीक माती भाजणे. त्यापेक्षा राखेची वीट बरी. घर बांधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि खरे बोलायचे तर कुडगीचा धूर आपल्या दारात येत नाही. आपल्या दारातला धूर चुलीचा आहे, आपल्या बिडी कामगार भगिनींच्या फुप्फुसातली धूळ तंबाखूची आहे. दूरच्या धुराड्याकडे बोट दाखवताना स्वयंपाकघराचे धुरकट छप्परही पाहावे.

दगडी कोळशाचा वापर विलंब न लावता क्रमाक्रमाने कमी करीत न्यावा, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकात आग्रहाने सांगितले. क्रमाक्रमाने आणि विलंब न लावता, हे दोन्ही एकत्र आहे. पहिले विसरले तर गरिबाचा दिवा विझतो. दुसरे विसरले तर गरिबाचाच श्वास कोंडतो.

फुकट विजेविषयी थोडे

आता जे लिहिणार आहोत ते काहींना रुचणार नाही.

२००८ पासून कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. वितरण कंपनीला त्याचे पैसे सरकार देते. लहान शेतकऱ्याला त्याचा आधार झाला हे निर्विवाद आहे. पण फुकटाचे काही तोटेही झाले. ज्या मालाचे आपण पैसे देत नाही, त्याबद्दल दुकानदाराशी भांडताना आवाज खाली येतो. वीज कधी येईल, किती दाबाने येईल, डीपी जळाला तर किती दिवसांत बदलेल, हे विचारायला गेले की पलीकडून "फुकट तर आहे" असे ऐकावे लागते. मीटर नाही, म्हणून आपण किती वापरली हे आपल्यालाच ठाऊक नाही, आणि हिशेबात वाटेल तेवढी वीज शेतीच्या नावावर घालता येते.

दुसरा तोटा जमिनीला झाला. वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून पुष्कळांनी ऑटो स्टार्टर बसवले आहेत. रात्री वीज आली की शंभर मोटरी एकदम उठतात, दाब पडतो, मोटर जळते, डीपी जळतो आणि रिवाइंडिंगवाल्याची चांदी होते. माणूस घरी झोपलेला, पाणी सरी भरून वाहते आहे. रात्रीच्या विजेचा हा दुसरा शाप. नदीकाठच्या काळ्या रानात असे वर्षानुवर्षे पाणी देऊन आपण किती जमीन क्षारपड केली, हे दूधगंगा-कृष्णेच्या काठावरील शेतकऱ्याला सांगायला नको. आजोबांनी तंबाखू आणि शाळू पिकवलेल्या रानात आज पांढरी बुरशी आल्यासारखी माती दिसते. मुलाबाळांना आपण कोणते रान देणार?

म्हणून आमचे मत असे की शेतकऱ्याने मीटरला भिऊ नये. सबलत राहू द्या, पण ती मोजून द्या. मीटर लागला की हक्क मागता येतो. मीटर म्हणजे उद्या बिल येणार, ही भीती आम्हालाही कळते, आणि तसे होणार नाही याची लेखी हमी सरकारने आधी दिली पाहिजे.

तर करावे काय?

आमच्या मते मागणी एकच असावी, आणि ती सर्वांनी मिळून करावी. शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळावी. शेतीचे फीडर गावठाणापासून वेगळे करण्याचे काम आपल्या राज्यात बरेच झाले आहे. अशा फीडरच्या उपकेंद्राजवळ सौर संच बसवून त्याच भागातील मोटरी दिवसा चालवायच्या, ही कुसुम योजनेची रीत आहे, आणि कर्नाटकात २०२५ पासून तिला चालना मिळाली आहे. महाराष्ट्रात अशीच सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. काही फीडरांवर दिवसा वीज सुरू झाली, आपल्या फीडरची पाळी कधी, हे ग्रामसभेत ठराव करून लेखी विचारावे. एकट्याने विचारले तर उत्तर मिळत नाही.

ऊन आहे तेव्हा मोटरी, ऊन नाही तेव्हा कोळसा. संध्याकाळचे दिवे, दवाखाने, पावसाळ्यातील ढगाळ आठवडे आणि २०२३ सारखी कोरडी वर्षे यांसाठी कुडगी आणि रायचूर अजून काही वर्षे लागतील. शेतीच्या पाण्यासाठी त्यांची रात्र लागू नये. असे झाले तर कोळसाही कमी जळेल आणि शेतकरीही घरी झोपेल.

आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण द्यावेसे वाटते. १९६९ च्या सुमारास देशात ग्रामीण वीज सहकारी संघांचे जे मोजके प्रयोग सुरू झाले, त्यांतील एक हुक्केरीचा. बाकीचे काही बुडाले. महाराष्ट्रातील मुळा-प्रवरा संघाच्या हातून २०११ साली वीजवाटप गेले. हुक्केरीचा संघ मात्र अजून वीज वाटतो आहे. तो वीज तयार करीत नाही, त्यात राजकारण शिरले आहे, दोषही आहेत. तरी खेड्यातील माणसे आपल्या विजेचा कारभार पाहू शकतात, हे त्याने दाखवले. ऊस पिकवणाऱ्या या भागात साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज काढतातच. उद्या एखाद्या गावच्या सोसायटीने पडीक माळावर सौर संच का उभा करू नये?

तोवर आपल्या हातातील गोष्टी करू. मोटरीला कपॅसिटर बसवावा, त्याने दाब सुधारतो आणि डीपीवरचा ताण कमी होतो. ऑटो स्टार्टर काढावा. शक्य तेथे ठिबक करावे. आकडा टाकून वीज घेऊ नये. ती चोरी आहे, आणि दरवर्षी कोणाचा तरी जीव घेते.

रात्री पाण्याला जावेच लागले तर

एकट्याने जाऊ नये. गुडघ्यापर्यंतचे बूट, चांगली बॅटरी आणि काठी हवी. पायवाटेवरचे गवत काढून ठेवावे. स्टार्टरची पेटी लाकडी फळीवर, पावसापासून झाकलेली असावी. खाली कोरडी फळी किंवा रबरी पट्टा टाकून त्यावर उभे राहूनच बटण दाबावे. ओल्या हाताने कधीही दाबू नये. अर्थिंग वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे. तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नये, १९१२ वर कळवावे. कोणी तारेला चिकटला तर आधी वीज बंद करावी, त्याला हाताने ओढू नये.

साप चावला तर कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. ज्या अंगाला चावला ते हलू न देता फळीचा आधार द्यावा, माणसाला चालवू नये आणि १०८ ला फोन करून सरकारी इस्पितळ गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. सर्पदंशाने भारतात वर्षाला पन्नास हजारांवर माणसे मरतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुतेक शेतात राबणारी. २०२४ पासून कर्नाटकात प्रत्येक सर्पदंशाची नोंद सरकारकडे करणे इस्पितळांना बंधनकारक आहे. ती नोंद झाली की नाही हे घरच्यांनी विचारावे, आणि चावला तेव्हा रात्रीचे किती वाजले होते व तो पाण्यासाठी गेला होता, हेही डॉक्टरांना लिहायला सांगावे. अशा नोंदी जमल्या की दिवसाच्या विजेसाठी त्याहून मोठा पुरावा लागणार नाही.

आमचा तो तरुण आता बरा आहे. पायाला अजून सूज येते. परवा तो पुन्हा रात्रीच्या पाण्याला गेला, असे त्याच्या आईने सांगितले. न जाऊन करतो काय? ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. ठरावाचा मसुदा आम्ही तयार करून ठेवला आहे. ज्यांना पाहायचा आहे त्यांनी रविवारी अंगणात भेटावे.

आपला,
धर्मगुरू